गाडी पोहोचण्याआधी: घरभेटींसाठी अनुदान मागणाऱ्या एका अग्निशमन केंद्राचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव, 'क' वर्ग नगर परिषद, आणि बसस्थानकामागे अग्निशमन केंद्र. केंद्रात एक मोठा बंब, एक लहान गाडी, एक अग्निशमन पर्यवेक्षक, मोजके कायम फायरमन आणि बाकी कंत्राटी मुले. हा विभाग तालुक्यातल्या गावांत घरोघरी जाऊन सुरक्षा तपासणी करण्यासाठी अनुदान मागतो. पहिला प्रस्ताव परत येतो, दुसरा तुकड्यातुकड्यांनी मंजूर होतो. वरून पाहिले तर कार्यालयीन पत्रव्यवहाराची साधी गोष्ट. पण खेड्यातल्या घराला आगीपासून वाचवण्याचा जो मार्ग खरोखर हाताशी आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचे सदर, सापडत नाही, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

विदर्भातल्या छोट्या नगर परिषदांत जी परिस्थिती वारंवार दिसते ती एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. गावाचे, माणसांचे, कंपनीचे नाव त्यामुळे कुठेच नाही आणि प्रस्तावातले आकडे त्या प्रस्तावापुरतेच समजावेत. कायदे, योजना आणि निकष मात्र प्रत्यक्षातले आहेत.

अंतर

शहराची हद्द लहान. वर्दी, म्हणजे आगीची खबर, मात्र अख्ख्या तालुक्यातून येते, कधी शेजारच्या तालुक्यातूनही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे, म्हणजे ते नागरी संस्थांचे काम. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत आणि त्यांत अग्निशमन नाही. गावात आग लागली की सरपंच किंवा पोलीस पाटील फोन करतात तो नगर परिषदेच्या केंद्रालाच. हद्दीबाहेर जायचे तर वरिष्ठांची परवानगी, डिझेलचा खर्च, शुल्क कोणाकडून घ्यायचे, मागे शहरात काही झाले तर जबाबदार कोण, हे सगळे प्रश्न उभे राहतात. गाडी तरीही निघते, कारण समोरून रडणारा माणूस बोलत असतो.

निघते, पण पोहोचते कधी? स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषांत ग्रामीण भागासाठी प्रतिसादाची वेळ वीस मिनिटे धरलेली आहे. तीस किलोमीटरवरचे गाव, शेवटचा टप्पा पांदण रस्त्याचा, टाकीत पाणी भरलेले, आणि डिसेंबर ते मार्चमध्ये तोच बंब सरकी काढणाऱ्या एखाद्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या ढिगावर अडकलेला. अशा वेळी वीस मिनिटे ही कागदावरचीच गोष्ट. कवेलूचे छप्पर, लाकडी आढे, खाली कापूस असलेली खोली काही मिनिटांत हाताबाहेर जाते. फायरमन पोहोचतात तेव्हा बहुतेक वेळा शेजारची घरे वाचवणे एवढेच काम उरलेले असते. या केंद्रातला एक जुना फायरमन सांगायचा, "आमी जातो तवा लोक आमच्यावर चिडलेले असतात, अन् त्याइचं काई चूक नाई."

बंब वाढवून हा प्रश्न सुटत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दर पाच-सहा गावांमागे एक केंद्र उभारले तरच अंतर कमी होईल आणि ते नजीकच्या काळात होणारे नाही. तोवर खेड्यातल्या घराला मिळू शकणारी अग्निशमन सेवा म्हणजे आग लागण्याआधी दारात आलेला, वायर पाहणारा, गॅसची नळी तपासणारा माणूस.

सरकारी पैसा मात्र लोखंडाकडे आणि सिमेंटकडे वळतो. जुलै २०२३ मध्ये केंद्राने राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. आवश्यकच होती. तिचा भर नव्या केंद्रांवर, प्रशिक्षणावर, आधुनिक साधनांवर आहे. राज्याच्या आणि जिल्हा योजनेच्या अग्निशमनविषयक मदतीतूनही प्रामुख्याने इमारत व वाहन मिळते. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा बालके गेली, त्यानंतर रुग्णालयांच्या फायर ऑडिटला वेग आला आणि तो यायलाच हवा होता. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाची अंमलबजावणीही रुग्णालये, मंगल कार्यालये, मोठ्या इमारती, कारखाने यांच्याभोवती फिरते. दोन खोल्यांचे घर या कशातच बसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांकडे पाहिले तर चित्र उलटे आहे: २०१९ मध्ये देशात आगीच्या अपघातांत जवळपास अकरा हजार माणसे गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक राहत्या घरांत.

परत आलेला प्रस्ताव

पर्यवेक्षकांनी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिक्षण घेतलेले. प्रतिबंध हा शब्द त्यांच्या डोक्यात पक्का होता. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो, तो मागायचा ठरले. शीर्षक दिले 'अग्निसुरक्षा जनजागृती कार्यक्रम'. त्यात होते फलक, रंगीत पत्रके, एलईडी पडदा लावलेला चित्ररथ, शाळांत प्रात्यक्षिके आणि १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात उद्घाटन.

तारखेपासूनच गोष्ट अडचणीची होती. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, आग विझवताना अग्निशमन दलाचे जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. त्यांचे स्मरण व्हायलाच हवे. पण विदर्भातल्या गावांत १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. गाव मिरवणुकीच्या तयारीत असते, पुढचे दिवस लग्नसराईचे, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. शिवाय कूलर तोपर्यंत महिनाभर चालू झालेले असतात आणि कापसाची खोली वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत आलेली असते. ज्या सल्ल्याची गरज फेब्रुवारीत होती तो एप्रिलच्या मध्याला देऊन उपयोग काय?

प्रस्तावावर शेरा आला: "अपेक्षित फलनिष्पत्ती नमूद नाही. कार्यक्षेत्राबाहेरील खर्चाचे प्रयोजन स्पष्ट करावे." केंद्रात यावर बरीच नाराजी झाली. माझ्या मते शेरा योग्य होता. चित्ररथ गावातून फिरून गेला की किती घरांतली कोणती गोष्ट बदलली, याचे उत्तर त्या कागदांत कुठेच नव्हते. 'जनजागृती' या नावाखाली पैसे मागायचे आणि शेवटी फोटो जोडून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, ही सवय अनेक विभागांना लागली आहे. तिच्यामुळे खऱ्या कामाचाही प्रस्ताव संशयाने वाचला जातो.

वर्दी पुस्तकातला रकाना

दुसऱ्या प्रस्तावाची सुरुवात वर्दी पुस्तकापासून झाली. गेल्या काही वर्षांच्या नोंदी काढल्या आणि अडचण लगेच दिसली. 'आगीचे कारण' या रकान्यात पानामागून पान एकच शब्द: शॉर्ट सर्किट.

हे का होते ते समजून घ्यायला हवे. रात्री दोन वाजता जळक्या घरासमोर उभे राहून कारण लिहायचे असते. तपासाला साधन नसते, वेळ नसतो. घरच्यांना तलाठ्याचा पंचनामा, मदत, विमा यांची काळजी. चुलीतला निखारा राहिला, बिडी टाकली, गोठ्यात धुरी केली होती असे लिहिले तर मदत अडेल अशी भीती. 'शॉर्ट सर्किट' लिहिले की कोणावर ठपका येत नाही आणि कोणी पुढे विचारत नाही. त्यात माणुसकी आहे, पण त्या रकान्यावर कोणतीही योजना आखता येत नाही.

म्हणून त्यांनी कारणाचा रकाना तसाच ठेवला आणि शेजारी चार नवे रकाने जोडले: आग पहिल्यांदा कुठे दिसली, तेव्हा घरात कोण होते, काय चालू होते, जवळ काय साठवले होते. या चार प्रश्नांत कोणाला दोष लागत नाही, त्यामुळे लोक खरे सांगतात. जुन्या घटनांसाठी तहसील कार्यालयातले पंचनामे पाहिले, गावोगावच्या कोतवालांशी आणि महावितरणच्या लाइनमनशी बोलले, ग्रामीण रुग्णालयातून भाजलेल्या आणि विजेचा धक्का बसलेल्या रुग्णांची फक्त संख्या घेतली, नावे नाहीत. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे काम. त्याला एक रुपया खर्च आला नाही आणि पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहिले.

त्यातून चार जागा पुढे आल्या.

पहिली कापसाची खोली. वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होते, पण भाव वाढेल या आशेने शेतकरी कापूस मार्च-एप्रिलपर्यंत घरातच ठेवतो. वेगळे गोदाम कोणाकडे? माजघरात, पुढच्या खोलीत, कधी झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. त्याच खोलीत भिंतीवरून लोंबणारी वायर, होल्डरमधला उघडा बल्ब, मोबाइलचा चार्जर, कोपऱ्यात देव्हारा आणि उदबत्ती. कापूस आतल्या आत धुमसतो. वरून पाणी मारले की विझल्यासारखा वाटतो आणि चार तासांनी पुन्हा पेटतो, ढीग उपसून भिजवल्याशिवाय सुटका नसते. इथला उपाय स्वस्त आहे: खोलीतली वीज तोडायची किंवा स्विच बाहेर घ्यायचा, देव कापूस असेपर्यंत दुसऱ्या खोलीत बसवायचे, चूल ज्या भिंतीला लागून आहे तिच्या पाठीमागे ढीग लावायचा नाही.

दुसरी जागा कूलर. मार्च लागला की टिनाचे कूलर माळ्यावरून उतरतात. वर्षभर पडलेला पंप, फाटलेली वायर, दोन पिनचा प्लग, लोखंडी स्टँड, भोवती सांडलेले पाणी आणि अनवाणी मूल. कूलर चालू ठेवूनच पाणी भरायचे ही सर्रास सवय. घरात अर्थिंग असले तरी ते मेमध्ये नावापुरते उरते, कारण काळी माती सुकून भेगाळते, अर्थच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि रोध वाढतो. नेमक्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या दिवसांत, जेव्हा कूलर चोवीस तास चालतो, तेव्हा घराचे संरक्षण सगळ्यात दुबळे असते. खड्ड्यात नियमित पाणी ओतणे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवणे, या दोन गोष्टींनी जीव वाचतो.

तिसरी जागा स्वयंपाकघर. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गावागावांत सिलिंडर पोहोचले, धूर कमी झाला, हे मोठेच काम झाले. पण अनेक घरांत शेगडी जमिनीवर, सिलिंडर शेजारी आणि चार हातांवर पेटलेली चूल. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरत चुलीकडे जातो. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली उभा, नळी पाच वर्षांत बदललेली, आणि वास आला तर १९०६ वर फोन, एवढे त्या घरात पक्के व्हायला हवे. एका गावात वहिनींना नळीवरची तारीख वाचून दाखवली तेव्हा कळले, ती कनेक्शन मिळाले त्या दिवसापासूनची होती.

चौथी जागा गोठा आणि गंजी, म्हणजे वैरणीचा ढीग. डासमाश्यांसाठी रात्री केलेली धुरी, दाव्याला बांधलेली जनावरे, घराला टेकलेला सोयाबीनच्या कुटाराचा ढीग आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भारा. एप्रिल-मेमध्ये लोक धुरे, म्हणजे शेताच्या बांधांवरचे वाळले गवत, पेटवतात, वारा फिरला की आग वावरातून गावात शिरते.

तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे प्रश्न

नवा प्रस्ताव घेऊन पर्यवेक्षक आणि मुख्याधिकारी जिल्हा नियोजन कार्यालयात गेले. त्या काळात नगर परिषदेवर प्रशासक होते, त्यामुळे ठरावाला वेळ लागला नाही. पहिला प्रश्न अपेक्षित होता: कूलरच्या शॉकचा अग्निशमन विभागाशी संबंध काय? उत्तर असे की सेवेचे काम आगीपुरते नाही, आणीबाणीचेही आहे, आणि जी वायर माणसाला धक्का देते तीच कापसाच्या खोलीत ठिणगी पाडते. एकाच भेटीत दोन्ही तपासता येतात.

दुसरा प्रश्न कार्यक्षेत्राचा. नगर परिषद स्वतःचा पैसा हद्दीबाहेर कसा खर्च करणार? इथे त्यांनी रचना बदलली. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि त्यांचे क्षेत्र अख्खा जिल्हा आहे. उपक्रम प्राधिकरणाचा, तांत्रिक अंमलबजावणी नगर परिषदेच्या अग्निशमन विभागाची, आणि प्रत्येक गावाकडून ग्रामसभेचा ठराव. पंधराव्या वित्त आयोगाने राज्य आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीतला २० टक्के भाग शमनासाठी, म्हणजे आपत्तीपूर्व कामासाठी वेगळा काढला आहे. हा मुद्दाही प्रस्तावात घातला. आग ही केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत असल्यामुळे तो गैरलागू नव्हता.

तिसरा प्रश्न सगळ्यांत चांगला होता: तुम्ही गेलात आणि घर सुरक्षित झाले, हे मला कसे कळेल? त्यावर चार मोजमापे दिली. कापसाच्या खोलीतली वीज तुटली का, कूलरला अर्थिंग मिळाले का, गॅसची नळी मुदतीत आहे का, गंजी घरापासून दूर गेली का. भेटीच्या दिवशी नोंद, तीन महिन्यांनी पुन्हा नोंद, आणि दुसरी नोंद केंद्राच्या माणसांनी करायची नाही; दर दहा घरांमागे एक घर समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी तपासतील. अमेरिकेत 'फेमा' या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून घरांतली आग रोखण्यासाठी स्वतंत्र अनुदान दिले जाते. त्यात अर्जदाराला धोका नेमका कोणाला आहे आणि फरक कसा मोजणार हे सांगावे लागते, वर स्वतःचा पाच टक्के वाटाही घालावा लागतो. ती शिस्त इथे घेण्यासारखी होती. तिथले आवडते साधन असलेला धुराचा अलार्म मात्र घेतला नाही. जिथे रोज दोन वेळा चूल पेटते तिथे तो दोन दिवसांत काढून ठेवला जाईल.

पैसा

पहिल्या वर्षासाठी बारा गावांतली बाराशे घरे निवडली, सगळी केंद्रापासून वीस किलोमीटरच्या पुढची. खर्च असा मांडला: प्रशिक्षण आणि अर्थ टेस्टरसारखे तपासणी साहित्य १,८०,००० रुपये, बचत गटांतल्या चोवीस महिलांना सहा महिने दरमहा १,५०० प्रमाणे मानधन २,१६,०००, सर्वांत कमकुवत तीनशे घरांत आरसीसीबी आणि अर्थिंग १०,५०,०००, चारशे नळ्या ८०,०००, प्रवास १,२०,०००, फेरतपासणी ६०,०००. एकूण १७,०६,०००, म्हणजे घरामागे साधारण चौदाशे रुपये. त्याच्या शेजारी एकच ओळ लिहिली: आगीत एक माणूस गेला तर शासन वारसांना चार लाख रुपये देते. हा पूर्ण प्रस्ताव पाच मृत्यूंच्या मदतीपेक्षा कमी रकमेचा आहे.

जिल्हा नियोजनातून साहित्य, प्रशिक्षण, प्रवास आणि फेरतपासणी मिळून ३,६०,००० रुपये मंजूर झाले. आरसीसीबी व नळ्या 'अन्य स्रोतातून' करण्याची सूचना आली. मानधनावर शेरा: अनुज्ञेय नाही.

अन्य स्रोत म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. अशा कामांची यादी असलेल्या त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत २०१९ पासून आपत्ती व्यवस्थापनही आहे. गावातले जिनिंग मालक या मर्यादेत येत नव्हते; आली ती पट्ट्यातली एक मोठी खाण-उद्योगातली कंपनी. तिच्या अधिकाऱ्यांनी आधी अग्निशमन सप्ताहाचे प्रायोजकत्व देऊ केले. पण एकदाच होणारे कार्यक्रम आणि प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असे केंद्राने २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे. पर्यवेक्षकांनी ते दाखवल्यावर बोलणे घरांवर आले. पैसा नगर परिषदेच्या खात्यात घ्यायचा तर नोंदणीपासून लेखापरीक्षणापर्यंत वर्ष गेले असते, म्हणून कंपनीने साहित्य स्वतः खरेदी करून थेट पुरवले. कायदा स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे बारापैकी कंपनीच्या जवळची पाचच गावे तिने घेतली.

उरलेल्या सातांपैकी तीन ग्रामपंचायतींनी 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात हे काम घालून वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून साहित्य घेतले. चार गावांना फक्त तपासणी मिळाली.

मानधन कापले जाणे ही माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक. यंत्र घ्यायला पैसे असतात, पण उन्हात घरोघरी जाणाऱ्या बाईचा वेळ फुकटच मिळेल असे गृहीत धरले जाते. ती बाई दुसऱ्या दिवशी निंदणाला किंवा वेचणीला गेली असती तर मजुरी मिळाली असती. नगर परिषदेने स्वनिधीतून थोडा प्रवासभत्ता दिला, तरी चोवीसपैकी निम्म्याच महिला टिकल्या. आणि जिथे त्या टिकल्या तिथेच काम नीट झाले.

गावात

पहिल्या गावात केंद्राची लाल गाडी नेली. चौकात ती थांबताच धावपळ झाली आणि एक आजी थेट पुढे आली: "आग नाई लागली, काई नाई, मंग गाडी काऊन आणली बाबू?" गाडी नेली की मागे शहरही बंबाविना राहत होते. पुढच्या गावापासून दोन फायरमन मोटारसायकलवर, सोबत बचत गटातली ताई आणि आयटीआयच्या वीजतंत्री शाखेची दोन मुले व त्यांचे निदेशक, असा गट ठरला. मुले फक्त तपासत. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारच करे.

दारात फायरमन बोलला तर घरातला पुरुष उत्तर देई आणि सगळे ठीक आहे म्हणून सांगे. ताई आत गेली तर चुलीपासून कापसापर्यंत सगळे दिसे. म्हणून क्रम बदलला, ताई आधी. भाजल्यावर काय करता, हा प्रश्न तिनेच विचारायचा. टूथपेस्ट, हळद, शाई अशी उत्तरे आली. वीस मिनिटे साधे वाहते पाणी, हे तिने स्वतःच्या हातावर पाणी ओतून दाखवले.

आरसीसीबीचा अनुभव शिकवणारा होता. जुन्या वायरिंगमध्ये गळती असतेच, त्यामुळे यंत्र वारंवार ट्रिप होई. लोक वैतागून गावातल्या वायरमनला बोलावत आणि तो ते वगळून थेट जोडणी करून देई. पहिल्या आठवड्यात हे काही घरांत झाले. मग बसवल्यानंतर आठ दिवसांनी दुसरी भेट ठरवली, गळती कोणत्या खोलीत आहे ते शोधून तेवढीच वायर बदलली, आणि गावातल्या वायरमनलाच प्रशिक्षणात बसवले. त्याला बाजूला ठेवून हे काम टिकणारच नव्हते.

फेरतपासणीत नळ्यांचे काम सर्वांत चांगले दिसले. एजन्सीचा मेकॅनिक त्याच दिवशी गावात बोलावल्याचा तो परिणाम. कापसाच्या खोलीतला बल्ब बऱ्याच घरांतून गेला, चार्जर मात्र परत आला. गंजी जवळपास कुठेच हलली नाही. घराला लागून पाच हात मोकळी जागा असलेल्या माणसाला गंजी लांब लावा म्हणणे म्हणजे त्याच्याकडे नसलेली जमीन मागणे. वावरात ठेवली तर चोरी आणि मोकाट जनावरे. तिथे प्रश्न सल्ल्याचा नाही, जागेचा आहे. एका ग्रामपंचायतीने गावठाणाच्या कडेला सामायिक गंज्यांसाठी पट्टा काढायचे ठरवले, ते मोजणीत अडकले आहे.

दुसऱ्या वर्षीच्या प्रस्तावात वेळापत्रक हंगामाप्रमाणे आहे: नोव्हेंबरमध्ये कापसाच्या खोल्या, फेब्रुवारीच्या शेवटी कूलर, मार्चमध्ये धुऱ्यांबद्दल ग्रामसभा. सप्ताहातला कार्यक्रम केंद्रापुरताच. मानधन पुन्हा मागितले आहे, या वेळी 'तपासणी सेवा, प्रति घर दर' असे, म्हणजे काम मोजूनच पैसे जातील. आठ दिवसांनंतरच्या भेटीचा खर्च वेगळा दाखवला आहे. हद्दीबाहेरच्या वर्दीचा खर्च कोणी भरायचा, याबद्दलचे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात प्रलंबित आहे. साहित्य न मिळालेली चार गावे यादीत सर्वांत वर आहेत, आणि त्यांच्या ग्रामसभांचे ठराव या वेळी प्रस्तावाच्या आधीच जोडलेले आहेत.